गुरुवारचा शर्ट

पिशवी काकांनी शिवली होती आणि ती काकीला मान्य नव्हती.

"ही पिशवी आहे की पिशवीचं पिल्लू?" तिनं विचारलं.

काका पलंगाच्या कडेला बसून ताडपत्रीच्या शेवटच्या टाक्याची गाठ बोटांनी चाचपत होते. "पेटीचं माप आहे ते," ते म्हणाले. "एक हात, चार बोटं. पेटी काही मी बनवलेली नाही."

पेटी म्हणजे ट्रकच्या केबिनमधली पेटी. सीटच्या मागे झोपायची फळी असते आणि फळीच्या वर, छताला चिकटून, एक लाकडी कप्पा. ड्रायव्हरचं सगळं घरदार त्यात मावावं लागतं. काकांनी एकोणीस वर्षं ट्रक चालवला होता, त्यामुळे तो कप्पा त्यांच्या हातात होता. डोळ्यांत मात्र राहिला नव्हता. गेली काही वर्षं त्यांची नजर कडेकडेनं विझत आली होती. समोर एक वाटोळं भोक उरलं होतं आणि त्यातून एका वेळी एकच गोष्ट दिसायची: एक बटण, एक डोळा, कपाचा कान. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी सोडली आणि घरी बसून मालट्रकच्या ताडपत्र्या शिवायला घेतल्या. दाभणासारखी जाड सुई आणि दहा बोटं, एवढ्यावर ते काम चालतं.

आणि आता गाडीवर काकी निघाली होती, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. आधीची सहा वर्षं ती शाळेची व्हॅन चालवत होती. मोठ्या गाडीची परीक्षा घेणाऱ्यानं वय विचारलं तेव्हा तिनं शांतपणे विचारलं होतं की गाडीचं की माझं. परीक्षेत ती पास झाली ती एकाच शेऱ्यावर. मागे चौदा टन पोती असताना प्रत्येक वळणाआधी तिनं "मागचे, धरून बसा" अशी ताकीद दिली होती. साहेबांनी हसू दाबत लिहिलं, वळणं उत्तम घेते.

कंपनीच्या नियमाप्रमाणे पहिले अठ्ठावीस दिवस शिकवणाऱ्याबरोबर लांबच्या रस्त्यावर काढायचे होते. बायकांना घेऊन जाणारी शिकवणारी एकच होती. तिला सगळे उस्तादबाई म्हणत. उंचीनं इतकी लहान की स्टिअरिंगमागून बाहेरच्याला फक्त चष्मा दिसायचा. उस्तादबाई वर्षातून एकदाच शिकाऊ बाई घेत आणि त्यांची अट एकच होती: सामान पेटीत मावलं पाहिजे, बाहेर काही नको. कारणही साधं होतं. फार पूर्वी उतारावर त्यांनी ब्रेक दाबला होता आणि तो अर्ध्यावर अडला, कारण कुणाची तरी पावडरची डबी घरंगळत येऊन पेडलखाली बसली होती. गाडी कशी थांबली ते उस्तादबाई सांगत नसत. गेल्या वर्षीची शिकाऊ चाकांची बॅग घेऊन आली होती, ती चाकं फाटकापासूनच परत गेली, एवढं मात्र सांगत.

सोमवारी पहाटे गाडी सुटणार होती. शुक्रवारी संध्याकाळी काकीनं कपाटाचं दार उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला तिच्याच अक्षरात, निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेली यादी होती. काका दर सोमवारी निघायचे, त्या पिशवीची यादी. सव्वीस वस्तू. पाच शर्ट, दोन पँटी, दोन टॉवेल, स्वेटर, मफलर, जाड पांघरूण, पातळ पांघरूण, उशी, उशीचा जादा अभ्रा, बॅटरी, बॅटरीचे जादा सेल, सुईदोऱ्याची डबी आणि असंच खाली बिजागरीपर्यंत. शर्टांची तर न्यारीच तऱ्हा होती. प्रत्येकाला कडक इस्त्री आणि प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी: सोमवार, मंगळवार, बुधवार. ड्रायव्हरला वार विसरायला होतात, असं काकीचं म्हणणं. निदान शर्टाला तरी कळावा.

खरं कारण निराळं होतं. ते तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

काका गेले की घर शांत व्हायचं आणि संध्याकाळी भाजी चिरताना काकीला रस्ता दिसायचा. तिनं तो कधी पाहिला नव्हता. काका परत आले की फरशीवर उताणे पडून, डोळे मिटून रस्ता सांगायचे. कुठल्या वळणावर झाडं खाली वाकतात, कुठल्या गावात कुत्री गाडीला ओळखतात. गुरुवारी लांब पूल यायचा. तिथे सकाळी एवढं धुकं असतं, काका म्हणायचे, की गाडी चालते आहे की पूल मागे सरकतो आहे ते समजत नाही. दिव्याच्या प्रत्येक खांबावर एक पांढरा पक्षी. इंजिनाचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा.

मग गुरुवारी विळीवर हात थांबायचा. धुक्यातून गाडी हळूहळू वर यायची, जशी फोटो धुताना कागदावर आकृती येते तशी. खिडकीत काका, कोपर बाहेर काढलेलं, अंगात बारीक चौकड्यांचा शर्ट. पाहुण्यारावळ्यांच्या गर्दीत आपलं माणूस शर्टावरून हुडकावं, तसं ती त्यांना धुक्यात हुडकायची. मंगळवारी पट्ट्यांचा, बुधवारी राखाडी, गुरुवारी चौकड्यांचा. एकोणीस वर्षांत तिचा एकही गुरुवार चुकला नव्हता.

त्या शुक्रवारी तिनं तीच यादी समोर धरली. दाढीचं सामान तेवढं वगळलं. पंचवीस वस्तू पलंगावर रचल्या आणि त्या पिल्लात कोंबायला घेतल्या. बारा आत गेल्या. तेराव्यासाठी ती पिशवीवर बसली. चौदाव्यासाठी तिनं मला बसवलं.

काका पलीकडून हात घालून एकेक वस्तू बाहेर काढत होते. मफलर निघाला. उशी निघाली.

"उशी ठेवा."

"स्वेटर गुंडाळला की उशी होते."

"आणि थंडी वाजली की?"

"मग उशी लागत नाही. थंडीत झोप कोणाला येते?"

"तुम्ही तर न्यायचात," काकी म्हणाली. "उशी, अभ्रा, सगळं. ह्याच पेटीत. मग तुमचं कसं मावायचं?"

काकांनी हात मागे घेतला. मावायचं, ते म्हणाले. कसंतरी मावायचं. मग उठून, भिंतीला हात लावत, चहा टाकायला निघून गेले. काका स्वतःहून चहा टाकतात तेव्हा काहीतरी गडबड असते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

शनिवारी काकी अठरा वस्तूंची फुगलेली पिशवी घेऊन डेपोत गेली. उस्तादबाईंनी फळीवर चढून ती पेटीला लावून पाहिली, आडवी, तिरकी, मग पुन्हा आडवी. रागावल्या नाहीत. खाली उतरल्या, चष्मा पुसला आणि सोमवारी पहाटे पाचपर्यंत वेळ आहे म्हणाल्या. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांना घर सोडवत नाही, पुढच्या वर्षी बघू.

त्यातलं "सगळ्यांना घर सोडवत नाही" एवढंच काकी घरी घेऊन आली. पिशवी दारात ठेवून ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. व्हॅन आहे, ती म्हणाली. व्हॅन काय वाईट आहे.

काकांनी दारातली पिशवी चाचपून आत घेतली.

"एकोणीस वर्षं तुम्ही हेच सगळं त्याच पेटीत नेलंत," ती म्हणाली. "तक्रारीचा शब्द नाही. मी आठ वस्तू कमी केल्या तरी मला जमत नाही. म्हणजे माझ्या अंगातच नाही ते. बाई बरोबर बोलल्या." आणि मग अगदी सहज, उद्याच्या भाजीचं ठरवावं तसं, "मी नाही जात."

रविवारी दुपारी काकांनी बूट घातले. चल, हवा भरून येऊ, ते म्हणाले.

"कशात? व्हॅनची चाकं ठणठणीत आहेत."

"चल म्हणतो ना."

एरवी चालताना ते काकीच्या कोपराला धरत. त्या दिवशी पुढे चालले. रस्त्याच्या कडेचा दगड बुटाला लागत गेला की दिशा बरोबर आहे असं समजायचं. डेपोच्या पुढे, गाव संपतं तिथे टायरचं दुकान होतं. दुकानदाराला ड्रायव्हर लोक हवालदार म्हणत, कारण आयुष्यभर त्यानं हवाच भरली होती. गालही तसेच होते. काकीला पाहून तो स्टुलावरून उठलाच.

"वहिनी? इकडे?"

"उघड," काका म्हणाले.

"काय उघडू?"

"विश्रामगृह."

हवालदार काकांकडे बघत राहिला. मग काकीकडे. मग पुन्हा काकांकडे. "उस्ताद," तो हळूच म्हणाला, "बाकीच्यांच्या संसाराचा तरी विचार करा."

"उघड रे बाबा."

दुकानामागे एक खोली होती. रबराचा वास, वर एक झरोका आणि झरोक्यातून उतरलेला उन्हाचा पट्टा. त्यात धूळ तरंगत होती, इतकी सावकाश की तिला कुठेच जायचं नसावं. भिंतभर लाकडी खोकी रचलेली, प्रत्येकावर खडूनं गाडीचा नंबर. खोक्यांमध्ये स्वेटर होते, उशा होत्या, रबरी शेकपिशव्या, गजराची घड्याळं, कोणाच्या तरी नावाचं भरतकाम केलेला रुमालांचा गठ्ठा, औषधांच्या चार-चार बाटल्या. वीसेक घरांतल्या बायकांची काळजी तिथे घडी करून ठेवली होती.

हवालदारानं खाली बघत समजावून सांगितलं. सोमवारी गाड्या हवा भरायला थांबतात तेव्हा जास्तीचं सामान इथे उतरतं. शनिवारी येताना पुन्हा चढतं. शर्ट मात्र असेच कडक परत गेले तर घरी चौकशी होते. म्हणून शुक्रवारी तो ते टायरखाली दाबून ठेवतो. कॉलरला थोडं काळं लावतो. "आपल्या वहिनींची इस्त्री मोडायला दोन टायर लागायचे," तो म्हणाला. त्याला ते कौतुक वाटत असावं.

काकांचा हात एका खोक्यावर थांबला होता. वरचा खडू पुसट झालेला. आत एक पांघरूण, उशी आणि चार शर्ट. शेवटच्या फेरीत काकांना मधेच कळलं होतं की बाजूच्या आरशातलं काही दिसत नाही. ते कंपनीच्या मोटारीतून घरी आले आणि पिशवी घाईत कुठेतरी राहिली असं सांगितलं. ती इथे राहिली होती, दोन वर्षं.

काकीनं चौकड्यांचा शर्ट उचलला. धूळ झटकली. इस्त्रीची घडी अजून धारदार होती. खिशात बोट घालून तिनं चिठ्ठी काढली. गुरुवार.

"हा कधी घातलाच नाहीत?"

"घरी घातलाय की."

"पुलावर."

"नाही."

"मग पुलावर काय असायचं अंगात?"

"सोमवारचा," ते म्हणाले.

"गुरुवारी सोमवारचा?"

"शनिवारीसुद्धा."

काकी उन्हाच्या पट्ट्यात उभी राहिली. पुढचं तिनं कोणाकडेच न बघता विचारलं. "म्हणजे एकोणीस वर्षं मी धुक्यात कोणाला बघत होते?"

"माणूस तोच होता हो वहिनी," हवालदार समजुतीनं म्हणाला, "शर्ट तेवढा..."

"तुम्ही हवा भरा."

तो बाहेर गेला. काकांनी शर्टाची बाही शोधून चिमटीत धरली. पहिल्याच महिन्यात सांगणार होतो, ते म्हणाले. पण इस्त्री करताना तू गुणगुणायचीस. मग दुसऱ्या महिन्यात सांगितलं तर पहिल्याचं काय, असं झालं. आणि मग एकोणीस वर्षं झाली. बाही त्यांनी सोडली नाही.

"सव्वीस वस्तू त्या पेटीत कोणाच्याच मावत नाहीत, अगं. माझ्याही नाही मावल्या. तुझ्यात कमी काही नाही. माझ्या खोटेपणामुळे तुझी गाडी चुकायला नको."

येताना काकीनं कोपर पुढे केलं आणि काकांनी ते धरलं. शर्ट तिच्या दुसऱ्या हातात होता. बाकीचं तिनं तिथेच ठेवलं होतं.

घरी आल्यावर तिनं कपाटाचं दार लावलं, यादी आत राहिली. मग पिशवी पलंगावर उपडी केली.

"तुम्ही भरा," ती म्हणाली.

काकांनी हात धुतले, शिवायला बसण्याआधी धुतात तसे. मग चाचपत, एकेक उचलून, नाव घेऊन आत ठेवत गेले. पँट, एक. दुसरी अंगात असते. टॉप, दोन. टॉवेल, तोही पातळ, कारण जाड वाळत नाही. स्वेटर सगळ्यात वर, कारण तो रोज रात्री उशी होणार. चपला. दात घासायचं, साबण, गोळ्या असं सगळं एका घट्ट झाकणाच्या डब्यात, घरंगळू नये म्हणून चौकोनी. बॅटरी. आतले कपडे कोपऱ्याकोपऱ्यांत, ते मोजायचे नसतात.

"आठ," ते म्हणाले. पिशवीच्या डाव्या टोकाला त्यांनी एक फास शिवला होता. तो काकीच्या हातात दिला. "अंधारात ह्याला ओढायचं. दिवा न लावता पिशवी खाली येते. उस्तादबाईंची झोप मोडायची नाही."

काकीनं त्यातला एक टॉप काढला आणि त्या जागी चौकड्यांचा शर्ट ठेवला.

"तो कशाला?"

"आठच आहेत अजून."

"तुला ढगळ होईल गं."

"पुलावर जाऊ दे त्याला एकदा," काकी म्हणाली. "फार वर्षं निघालाय."

काका पिशवीवर हात ठेवून बसले. ओठ हलत होते. पँट, टॉप, शर्ट, टॉवेल. दोनदा मनाशी घोळवून झाल्यावर म्हणाले, की सव्वीस मला कधी पाठ झाल्या नसत्या. आठ होतात. आता कुठल्याही वारी तू कुठे आहेस आणि अंगात काय आहे, ते मला इथे बसून कळेल. फक्त वार चुकवू नकोस.

सोमवारी पहाटे डेपोत दिवे अजून पिवळे होते आणि आभाळ नुकतं फिकट व्हायला लागलं होतं. उस्तादबाईंनी पिशवी पेटीला लावली. ती आत सरकली, पुस्तक फडताळात जावं तशी. त्यांनी फास ओढून पाहिला, पिशवी खाली आली. पुन्हा सारली, पुन्हा ओढली.

"कोणी शिवली?"

"घरात एक शिंपी ठेवलाय," काकी म्हणाली.

उस्तादबाईंनी किल्ली तिच्या हातात दिली. फाटकाशी काका उभे होते, चुकीच्या दिशेला थोडंसं वळून, आणि हात हलवत होते. पहिल्या वळणाला काकी म्हणाली, "मागचे, धरून बसा," आणि उस्तादबाईंनी मान वळवून मागे खरोखर बघितलं. टायरच्या दुकानाशी हवालदारानं सवयीनं दोन्ही हात पुढे केले. काकीनं खिडकीतून मोकळे तळवे दाखवले. त्यानं नुसती हवा भरली.

मग मंगळवार झाला आणि बुधवार. ते दिवस काकीला नीट सांगता येत नाहीत. झोपेत पाहिल्यासारखे आहेत म्हणते. एका वळणावर झाडं खाली वाकलेली होती, ती तिला आधीपासून माहीत होती. एका गावात कुत्री गाडीमागे धावली आणि मग चालवणारा वेगळा आहे असं दिसल्यावर ओशाळून थांबली.

गुरुवारी सकाळी पूल आला. कठडा तिच्या मनात नेहमी पांढरा होता, खरा हिरवा निघाला. बाकी काका खोटं बोलले नव्हते. धुकं तेवढंच होतं, पक्षी तितकेच आणि इंजिनाचा आवाज कापसातून आल्यासारखा. गाडी चालते आहे की पूल सरकतो आहे, तिलाही समजेना. उस्तादबाई शेजारून फक्त "सरळ, सरळ" म्हणत होत्या, बाळाला झोपवताना म्हणावं तशा सुरात.

पलीकडच्या टोकाला गाड्या थांबवून चाकं बघायची जागा होती. दहा मिनिटं, उस्तादबाई म्हणाल्या. काकी उतरली आणि कठड्याला धरून पुलावर मागे चालत गेली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. मग फोन लावला.

घंटा पुरती वाजायच्या आत काकांनी उचलला. "गुरुवार," ते म्हणाले.

"हो."

"घातलायस?"

"घातलाय. बाह्यांना चार घड्या माराव्या लागल्या."

मग ते म्हणाले, की तो शर्ट धुक्यात कसा दिसतो ते मला माहीतच नाही. सांग ना. पण सावकाश सांग, एका वेळी एकच.

काकीनं कॉलरपासून सुरुवात केली. कॉलरवर दव बसलं होतं, ते सांगितलं. मग वरचं बटण. मग खिसा, खिशातली चिठ्ठी, तिची ओलसर झालेली कड. मग चौकड्या, जवळच्या स्वच्छ आणि हात लांब केला की बाहीवरच्या पुसट होत जाणाऱ्या. दर वेळी काका "हं" म्हणायचे, म्हणजे तेवढं दिसलं, आणि ती पुढच्यावर जायची. खांबावरचा एक पक्षी उडून दुसऱ्या खांबावर बसला.

धुक्यापलीकडून हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा.

काकीनं फोनवर तळवा ठेवला आणि मान वळवून हाक दिली. "आले हो बाई. एक बाही राहिलीय. माणूस शर्ट बघतोय."